उदार धनी की न्यायी राज्यकर्ता?

अलीकडे कोणत्याही जिल्ह्यात निवडणूक आली, की उमेदवारांच्या यादीत कारखानदार, ठेकेदार, जमिनीचे व्यापारी आणि शिक्षणसंस्थांचे धनी यांचा भरणा दिसू लागतो. त्यांच्या प्रचाराचा मसुदाही ठरलेला असतो. अमक्या गावास त्यांनी देवळाचा सभामंडप बांधून दिला, तमक्याच्या मुलाची फी भरली, तिसऱ्याच्या आजारपणात गाडी पाठविली. असा उदार पुरुष निवडून आला तर मतदारसंघाचे कल्याणच होईल, असा त्याचा मथितार्थ. मतदारही हा हिशेब मान्य करतात, कारण सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवूनही जे मिळत नाही ते धन्याच्या ओसरीवर एका शब्दात मिळते, असा त्यांचा नित्याचा अनुभव आहे. हा अनुभव खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु राज्यकर्ता पारखण्याची कसोटी तो होऊ शकतो काय, हा प्रश्न विचारावयास हवा. त्याचे उत्तर शोधताना गोमंतकाचे पहिले मुख्यमंत्री कै. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांच्या चरित्राइतके उद्बोधक दुसरे चरित्र आमच्या पाहण्यात नाही.

बांदोडकरांस गोव्यात आजही सर्वजण भाऊसाहेब म्हणून ओळखतात. ते व्यवसायाने खाणमालक होते. ज्या प्रदेशाची मुख्य निर्यात लोहखनिज, त्या प्रदेशाचा कारभार दहा वर्षे एका खाणमालकाच्या हाती राहिला. असे असूनही त्यांचे नाव खाणींशी जोडले जात नाही. ते जोडले जाते कुळांच्या हक्कांशी आणि खेड्यापाड्यांतील शाळांशी. त्यांचे भक्त म्हणतात, असा दाता पुन्हा झाला नाही. त्यांचे टीकाकार म्हणतात, धनिकाच्या हाती सत्ता गेली आणि तेथून सारे बिघडले. आमच्या मते दोघांचाही निवाडा अपुरा आहे, कारण दोघेही माणसाची थैली पाहतात आणि त्याच्या कारकीर्दीत झालेले व न झालेले कायदे पाहावयाचे विसरतात.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. वारसाने आलेली जमीनदारी त्यांच्या पाठीशी नव्हती. जे मिळविले ते व्यवसायात मिळविले. दुसरे महायुद्ध संपल्यावर गोव्याच्या डोंगरांतील लोहखनिजास परदेशांतून, विशेषतः जपानमधून, मागणी येऊ लागली. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत खाणी निघाल्या, मांडवी आणि जुवारी या नद्यांतून खनिजाने भरलेले पडाव मुरगाव बंदराकडे जाऊ लागले, आणि थोड्याच वर्षांत निर्यात दशलक्षावधी टनांवर गेली. या नव्या उद्योगाने गोव्यात एक नवा धनिक वर्ग उत्पन्न केला. जुन्या भाटकारांची श्रीमंती जमिनीच्या पृष्ठभागावर होती. या नव्या धनिकांची जमिनीच्या पोटात होती. भाऊसाहेब या दुसऱ्या वर्गातले. दोन वर्गांमधील हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्याच्याभोवती फिरणार आहे.

धनिक झाले तरी सामाजिक उतरंडीत त्यांचे स्थान वरचे नव्हते. ते ज्या गोमंतक मराठा समाजात जन्मले, त्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या देवळांच्या सेवेस बांधून ठेवण्यात आले होते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारखी रत्ने ज्या समाजाने दिली, त्यालाच प्रतिष्ठा नाकारण्यात गावोगावच्या महाजनांस काही वावगे वाटत नव्हते. राजाराम पैंगीणकरांसारख्या सुधारकांनी या अन्यायाविरुद्ध झगडून समाजास आत्मसन्मान मिळवून दिला. अपमानाची ही आठवण आणि नव्या धनाचे सामर्थ्य, अशा दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी एकत्र आल्या, म्हणून तो माणूस गोव्यातील बहुजनांचा पुढारी होऊ शकला. नुसत्या धनाने हे घडले नसते. त्याच खाणपट्ट्यात त्या काळी इतरही धनिक होतेच.

पोर्तुगीज अमदानीत गोव्याचा शेतकरी कोणत्या स्थितीत होता, हेही सांगितले पाहिजे. भाटकाराची शेते कसणारे कूळ आणि भाटकाराच्या जागेत झोपडी घालून राहणारा मुंडकार हे दोघेही त्याच्या मर्जीवर जगत. कुळाजवळ बहुधा लेखी कागद नसे; पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन एका शब्दासरशी सुटे. मुंडकाराची गत त्याहून कठीण. घर त्याने बांधावे, पण जागा धन्याची. म्हणून धन्याच्या घरचे कार्य निघाले की बिनमजुरीने राबावे, आणि उलट शब्द निघाला तर छपरास मुकावे. शिक्षणाची तीच कथा. १९६१ च्या शिरगणतीत गोवा, दमण व दीव या प्रदेशात साक्षरांचे प्रमाण शेकडा एकतीसच्या आसपास होते. साडेचारशे वर्षांच्या ख्रिस्ती-सुधारलेल्या म्हणविणाऱ्या राजवटीची ही कमाई!

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी, ९ डिसेंबर १९६३ रोजी, पहिली निवडणूक झाली. काँग्रेसला वाटत होते की, ज्या पक्षाच्या सरकारने गोवा सोडविला त्यालाच गोवेकर सत्ता देतील. प्रत्यक्षात गोव्याच्या २८ जागांपैकी तिला एकही मिळाली नाही. तिच्या पदरात पडली ती दमणची एक जागा. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने १२ जागा जिंकल्या, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने सत्ता घेतली. पक्षाचे नेते भाऊसाहेब स्वतः उमेदवार नव्हते. ते पुढे मडकईच्या पोटनिवडणुकीतून विधानसभेत आले. २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. दिल्लीतील मुत्सद्द्यांस हा निकाल अनाकलनीय वाटला, कारण त्यांनी गोव्यातील स्वातंत्र्यसैनिकांची संख्या मोजली होती, कुळांची आणि मुंडकारांची मोजली नव्हती. परकी सत्ता गेली ही गोष्ट त्या गरिबांसही आनंदाचीच होती; परंतु भाटकार होता तेथेच होता, आणि त्याच्यापासूनची मुक्ती अद्याप यावयाची होती.

नव्या सरकारच्या कामगिरीत पहिला मान १९६४ च्या कूळकायद्यास दिला पाहिजे. या कायद्याने कुळास मनमानी निष्कासनापासून संरक्षण मिळाले आणि खंडावर बंधन आले. कायद्याची भाषा रूक्ष असते, पण तिचा परिणाम काय झाला तो पाहा. काल ज्याने धन्यापुढे हात जोडून जमीन मागावयाची, त्याने आज मामलतदारापुढे उभे राहून तीच जमीन हक्काने राखावयाची, असा पालट एका कागदाने घडविला. या कागदाचे मोल कोणत्याही देणगीहून मोठे आहे. देणगी घेणाऱ्यास वाकावे लागते, हक्क बजावणाऱ्यास वाकावे लागत नाही. आणि देणारा उद्या रुसला, बुडाला किंवा मेला तरी हक्क शाबूत राहतो. भाऊसाहेबांच्या औदार्याच्या कथा गोव्यात घरोघर सांगतात, आणि त्या सांगाव्यातही. पण त्यांनी स्वतःच्या थैलीतून जे दिले ते त्यांच्याबरोबर संपले. विधानसभेने जे दिले ते शेतात उभे आहे.

शाळांविषयीही हेच म्हणावे लागेल. एखाद्या होतकरू मुलास शिष्यवृत्ती देणारा शेठ आपल्याकडे नवा नाही. परंतु सरकारी प्राथमिक शाळा गावोगाव, वाड्यावस्त्यांपर्यंत नेणे ही वेगळी गोष्ट आहे. शाळा दाराशी आली म्हणजे मुलाने होतकरू असण्याची अट उरत नाही. गुराख्याचे पोर आणि भाटकाराचे पोर एकाच फळ्याकडे पाहू लागते. मुलगी दूरच्या गावी एकटी कशी पाठवावी, ही आईबापांची अडचणही त्याबरोबर सुटते. १९७१ च्या शिरगणतीत त्या प्रदेशातील साक्षरता शेकडा ४५ च्या घरात गेली. दहा वर्षांत झालेली ही वाढ कोणत्याही पुतळ्याहून मोठे स्मारक आहे. पुढे १९७० मध्ये स्थापन झालेल्या कला अकादमीनेही, गायन-वादन हा काही घराण्यांच्या माथी मारलेला धंदा आहे ही जुनी समजूत पुसून, कलेस राजमान्यता दिली. ज्या समाजातून भाऊसाहेब आले, त्याच्या इतिहासाच्या दृष्टीने याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आता विलीनीकरणाच्या प्रश्नाकडे वळू. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, हा भाऊसाहेबांच्या पक्षाचा मुख्य कार्यक्रम होता, आणि महाराष्ट्रातही त्यास मोठा पाठिंबा होता. १९६५ च्या आरंभी गोव्याच्या विधानसभेने तसा ठरावही केला. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, सर्वसाधारण निवडणुकीत लोक अनेक कारणांनी मत देतात. प्रदेशाचे स्वतंत्र अस्तित्व मिटविण्याइतका मोठा निर्णय त्या मतावरून काढू नये. अखेर संसदेने १९६६ मध्ये खास कायदा करून गोवेकरांचा कौल घेण्याचे ठरविले. सत्तेवर असलेल्या पक्षाच्या देखरेखीखाली कौल झाला तर तो निःपक्षपाती मानला जाणार नाही, अशी हरकत निघाली, तेव्हा भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ च्या आरंभी राजीनामा दिला आणि राष्ट्रपतींची राजवट आली. १६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. केंद्रशासित प्रदेश म्हणून राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ पडली. ३४,०२१ मतांनी भाऊसाहेबांचा पक्ष आपल्या जीवनकार्याच्या प्रश्नावर हरला.

तो कौल आमच्या अनेक महाराष्ट्रीय बांधवांस त्या वेळी कडू लागला, आणि काहींस तो आजही कडू लागतो. त्या कडवटपणात एक गोष्ट नजरेआड होते. हरलेल्या नेत्याने कौलाचा मान राखला. त्याने दंगल माजविली नाही. दहा आठवड्यांनी, २८ मार्च १९६७ रोजी, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी त्याच पक्षास पुन्हा सत्तेवर बसविले. एका हाताने त्यांनी भाऊसाहेबांची मागणी नाकारली आणि दुसऱ्या हाताने भाऊसाहेबांस मुख्यमंत्री केले. अशिक्षित म्हणून ज्यांची हेटाळणी झाली त्या मतदारांनी नेता आणि प्रश्न यांत जो विवेक केला, तो मोठमोठ्या शहरांतील सुशिक्षितांसही क्वचितच साधतो.

या दुहेरी निकालाचा अर्थ आम्ही असा लावतो. विलीनीकरण ही पक्षाची घोषणा होती. कूळकायदा आणि शाळा हे त्याचे काम होते. घोषणेवर बहुमताचा विश्वास बसला नाही, कामावर बसला. भाषा, धर्म आणि प्रादेशिक अस्मिता यांविषयी गोवेकरांत मतभेद होते आणि आहेत. पुढे १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापरास कायद्याने जागा राहिली, आणि ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले. या सर्व उलथापालथीत १९६४ चा कायदा रद्द करा, असे म्हणण्याचे धैर्य कोणत्याही पक्षास झाले नाही. लोकांच्या हाती एकदा दिलेला हक्क कसा मुळे धरतो, त्याचा हा पुरावा आहे.

१९७० मध्ये पक्षातीलच काही आमदारांनी बंड केले. त्यातून भाऊसाहेबांचे मंत्रिमंडळ निभावले. १९७२ मध्ये पक्ष १८ जागा मिळवून पुन्हा विजयी झाला. १२ ऑगस्ट १९७३ रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, भाऊसाहेब निवर्तले. पणजीजवळ मिरामार येथे त्यांची समाधी आहे.

येथपर्यंतचे वृत्त त्यांच्या कीर्तीस साजेसे आहे. परंतु वकिली पेशाच्या माणसास दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून निवाडा देता येत नाही. दुसरी बाजू अशी की, खाणमालकाने भाटकारांच्या जमिनीवर कायदा केला, यात त्याच्या पदरचे काय गेले? या आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांस मान्य नाही. कूळकायदा हे कोणाच्या खिशातले दान नव्हते. कष्टाने जमीन राखणाऱ्याचा न्याय्य हक्क कागदावर आणणे एवढेच त्याचे स्वरूप होते, आणि ते भाटकाराने करावे, खाणमालकाने करावे की मोलमजुराने करावे याने न्यायात फरक पडत नाही. परंतु आक्षेपाचा उत्तरार्ध टाळता येत नाही. राज्यकर्त्याची परीक्षा दुसऱ्या वर्गाच्या संपत्तीवर कायदा करताना अर्धीच होते; उरलेली अर्धी परीक्षा तो ज्या वर्गातून आला त्या वर्गाच्या संपत्तीचा प्रश्न आल्यावर होते.

ती संपत्ती म्हणजे खाणी. पोर्तुगीजांनी १९०६ च्या हुकुमान्वये ज्या खाणसनदा दिल्या त्यांना मुदत नव्हती. त्या कायमच्या होत्या. गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज गेले, पण त्यांनी वाटलेल्या सनदा राहिल्या. खाणींविषयीचा १९५७ चा केंद्रीय कायदा १ ऑक्टोबर १९६३ पासून गोव्यास लागू झाला, तरी या सनदांचे पट्टे झाले की नाही हा वाद लोंबकळत राहिला. १९७५ मध्ये केंद्राच्या अधिकाऱ्यांनी सनदधारकांस नोटिसा काढल्या. १९८३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सनदेस पट्टा मानण्यास केंद्र सरकारला मनाई केली. शेवटी १९८७ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करून सनदा रद्द कराव्या लागल्या आणि त्यांचे पट्ट्यांत रूपांतर करावे लागले. भाटकाराच्या हक्कास मुक्तीनंतर तीन वर्षांत लगाम बसला. खाणीच्या सनदेस तो बसण्यास पंचवीस वर्षे लागली.

न्यायाने हेही नमूद केले पाहिजे की, खाणकायदा हा मुख्यतः केंद्राचा विषय आहे. केंद्रशासित प्रदेशाच्या विधानसभेस या बाबतीत हात आखडून बसावे लागे, आणि त्या विलंबाचा दोष एकट्या पणजीच्या माथी मारणे अयोग्य होईल. सनदधारकांत निरनिराळ्या धर्मांचे आणि पक्षांचे लोक होते. तो एका माणसाचा प्रश्न कधीच नव्हता. आमचा मुद्दा एवढाच की, ज्या सभागृहात कुळांचा आवाज बुलंद झाला, त्या सभागृहातून खाणींच्या सनदांविषयी तितकाच बुलंद आवाज उठला नाही. आणि राज्यकर्ता स्वतः खाणमालक असता त्या शांततेचा अर्थ लोक आपल्या मनाने लावणारच. त्यांस दोष कसा द्यावा?

या शांततेची किंमत कोणी दिली, हे डिचोली किंवा सांगे भागातील शेतकऱ्यास विचारावे. डोंगर पोखरून काढलेल्या निरुपयोगी मातीचे ढीग खाणीशेजारी उभे राहतात. पावसाळ्यात ती तांबडी माती पाण्याबरोबर ओढ्यांत आणि तेथून भातशेतांत उतरते. ज्या शेतावर कुळाचा हक्क कायद्याने पक्का झाला, त्याच शेतात खाणीचा गाळ येऊन बसला. जमिनीचा पृष्ठभाग कायद्याने गरिबास दिला. जमिनीचे पोट सनदेने श्रीमंतास राहिले. आणि पोटातली माती पृष्ठभागावर आली तेव्हा कागदावरील हक्क गाळाखाली गेला. एक सुधारणा अर्धी सोडली तर ती आधीच्या सुधारणेसही कशी पोखरते, हे याहून स्पष्ट कोठे दिसेल?

जे काम विधानसभेत व्हावयाचे ते अखेर न्यायालयात झाले. न्या. शहा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने ठरविले की, या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. पट्ट्याच्या हद्दीबाहेर माती टाकणे बेकायदा आहे. आणि खनिजाच्या विक्रीतील शेकडा दहा हिस्सा पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवावा. त्यानंतर राज्य सरकारने ८८ पट्टे पुन्हा जुन्याच धारकांस दिले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेही रद्द केले. २०२२ मध्ये लिलाव सुरू झाले. या अवधीत खाणीवर पोट असलेले ट्रकवाले, पडाववाले, कामगार आणि त्यांना उधारीवर माल देणारे लहान दुकानदार यांचे काय हाल झाले, ते आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. वेळीच नियम झाले असते तर धंदा नियमाने चालला असता. वेळीच न झाल्यामुळे तो न्यायालयाच्या हुकुमाने एका दिवसात बंद पडला. बेकायदा नफ्याचा लाभ थोड्यांनी घेतला, बंदीचा फटका मात्र सर्वांस बसला.

दुसरी उणीव पक्षाची. भाऊसाहेबांच्या निधनानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या कर्तबगारीविषयी आम्हांस आदर आहे. मुंडकारांस घरातून काढण्यास मनाई करणारा १९७५ चा कायदा त्यांच्या कारकीर्दीतला. कूळकायद्याची १९७६ ची पाचवी दुरुस्तीही त्यांच्याच काळातली. या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ हा दिवस ठरवून, त्या दिवसापासून कुळांस जमिनीचे खरेदीदार मानले. भाटकारांनी तिला न्यायालयात आव्हान दिले, आणि १९८४ च्या सत्तेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तिला नवव्या परिशिष्टाचे संरक्षण द्यावे लागले. पित्याने आरंभिलेले काम कन्येने पुढे नेले, हे खरेच. तरीही पित्यामागून कन्या, यापलीकडे वारसाची पद्धत पक्षाने घातली नाही. १९७९ मध्ये सरकार पडले, १९८० मध्ये सत्ता काँग्रेसकडे गेली, आणि एके काळी गोव्याचे भवितव्य ठरविणाऱ्या या पक्षास २०२२ च्या निवडणुकीत ४० पैकी २ जागा मिळाल्या. एका माणसाच्या वजनावर उभा राहिलेला पक्ष त्या माणसामागे किती काळ उभा राहील? दुकानाची गादी मुलाबाळांकडे जाते, यात गैर काही नाही. पक्ष म्हणजे दुकान नव्हे.

हे सारे जुन्या काळाचे पोवाडे म्हणून आम्ही लिहीत नाही. प्रश्न आजचा आहे. सरकारशी माल पुरविण्याचा किंवा काम करण्याचा ठेका चालू असेल तर आमदार अपात्र ठरतो, असे लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यातील कलम ९-अ सांगते. परंतु २००१ मध्ये करतारसिंग भडाना यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, खाणीचा पट्टा या कलमात बसत नाही. कलमाच्या शब्दांप्रमाणे निर्णय बरोबर असेल. मग शब्दच अपुरे आहेत असे म्हणणे प्राप्त आहे. सरकारास शंभर खुर्च्या पुरविणारा सुतार आमदार होण्यास अपात्र, आणि सरकारच्या मालकीचा अखंड डोंगर पट्ट्याने घेणारा शेठ पात्र! हा कोणता न्याय? सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवारास आपली मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावी लागते. हा मोठा लाभ आहे. पण मालमत्ता सांगणे वेगळे आणि त्या मालमत्तेचा प्रश्न सभागृहात आला असता निर्णयापासून दूर राहणे वेगळे.

यास्तव आमची मागणी अशी आहे. कलम ९-अ च्या कक्षेत खाणींचे पट्टे आणि सरकारी जमिनींचे मोठे भाडेपट्टे आणावेत. मंत्रिपद स्वीकारणाऱ्याने अशा व्यवसायातील आपला हितसंबंध सोडावा, आणि तो सोडणे अशक्य असेल तर त्या खात्याच्या कोणत्याही निर्णयात भाग घेऊ नये. आमदारांच्या हितसंबंधांची नोंदवही प्रत्येक विधानसभेत असावी, आणि ती पाहण्यास कोणाही नागरिकास मोकळीक असावी. उद्योजकांनी राजकारणात येऊ नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हिशेब, धडाडी, माणसांची पारख आणि दिल्या शब्दाची किंमत हे व्यापाऱ्याचे गुण सरकारी खात्यांत दुर्मिळ आहेत, आणि ते तेथे गेले तर राज्याचा फायदाच होईल. भाऊसाहेबांच्या कारभारात लोकांना जो जिवंतपणा दिसला, त्यात या गुणांचा वाटा मोठा होता. फक्त तराजू धरणाऱ्याने आपलाच माल त्या तराजूत तोलू नये, एवढा साधा नियम बाजारात चालतो. तोच विधानसभेत चालावा.

मतदारांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. पुढच्या निवडणुकीत एखादा धनिक दाराशी आला, तर त्याने काय दिले हे विचारू नये. त्याने आपल्या थैलीतून दिले असेल तर त्याबद्दल त्याचे आभार मानावे आणि विषय संपवावा. ते देणे मतपेटीत फेडण्याचे ऋण नव्हे. त्यास असे विचारावे की, तू कोणता हक्क कायद्यात लिहून देणार आहेस, आणि त्या कायद्याची झळ तुझ्या स्वतःच्या धंद्यास लागली तर तू सभागृहात कोणत्या बाजूला बसणार आहेस? भाऊसाहेब बांदोडकरांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९६४ मध्ये असे दिले की, कुळांच्या तिसऱ्या पिढीचेही त्यावर पोट आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ना त्यांच्या काळात मिळाले, ना त्यांच्या नंतरच्यांनी दिले. ते गोव्याच्या शेतकऱ्यास पन्नास वर्षांनी न्यायालयातून आणावे लागले. गोमंतकाच्या या थोर पुत्राविषयी ज्यांस खरा आदर असेल, त्यांनी समाधीवर फुले वाहून घरी जाऊ नये. त्याने अर्धे सोडलेले काम हाती घ्यावे.